बर्फात ठेवलेलं औषध

रतनबाईनं तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली. शिक्षण तिसरीपर्यंत, तेही धाकटा भाऊ रडायला लागला की अर्ध्यातनं उठून घरी. पण बेलापूरजवळच्या त्या गावात आज ज्यांना मिशा फुटल्यात, त्यातल्या निम्म्यांना तिनं झोळीत घालून काट्याला टांगलंय आणि वजन घेतलंय. एखादा फार तोऱ्यात बोलायला लागला की ती शांतपणे म्हणते, "माझ्या काट्यावर मुतला हुतास, इसरू नको."

तिचा खरा अभिमान मात्र पोलिओच्या पेटीचा. निळी पेटी खांद्याला, आत बर्फाच्या पट्ट्या, मध्ये इवलीशी बाटली. औषधाला ऊन लागलं की औषध मेलं, हे नर्सबाईनं पहिल्याच वर्षी तिच्या डोक्यात घातलं होतं. बाटलीवर एक बारीक चौकोन असतो, तो काळपट झाला की बाटली फेकायची. रतनबाईच्या हातात एकही चौकोन कधी काळा पडला नाही. सून शॅरन शाळेत बाई होती. ती हसून म्हणायची, "आमच्या आई देवळात साक्ष द्यायला उभ्या राहिल्या तर येशूच्या आधी पेटीचं सांगतील."

मागच्या नाताळाच्या आधी बारा वर्षांची नात प्रार्थना वाळायला लागली. घागरीनं पाणी प्यायची, आणि एवढी घोडी झालेली पोर अंथरूण ओलं करायची. वयात येतीय, असं शेजारणी म्हणाल्या. श्रीरामपूरच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हिला साखर आहे, इन्सुलिन जन्मभर टोचावं लागेल.

"साखर म्हाताऱ्यांना हुतीय," रतनबाई म्हणाली. "मला द्यायची ती हिला दिली का काय देवानं?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हा आजार लहान पोरांनाही होतो, त्यात कुणाची चूक नसते. रतनबाईनं मान हलवली. पटलं नाही, पण सुई धरायला शिकली.

एप्रिलात संगमनेरला शॅरनची आई पडली आणि मांडीचं हाड मोडलं. मुलगा स्टीफन पुण्याला कंपनीत, महिन्यातनं एकदा येणारा. शॅरनला चार दिवस जावंच लागलं. जाताना तिनं कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून फ्रीजला चिकटवलं, सकाळी चौदा युनिट, संध्याकाळी आठ. बाटल्या फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात.

"आई, जमेल ना?"

"आख्ख्या गावाला औषध पाजलं मी. तू जा."

शुक्रवारी सकाळी लाइट गेली ती चार वाजता आली. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. रतनबाईनं दार उघडलं तर फ्रीजला आतून घाम सुटलेला, बाटली कोमट. चष्मा लावून तिनं बाटली फिरवून फिरवून चौकोन शोधला. चौकोन नव्हताच. एवढं महागाचं औषध आणि कंपनीला एक चौकोन छापता येऊ नये, याचा तिला रागच आला. मग तिनं तीस वर्षं जे केलं तेच केलं. दोन्ही बाटल्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात, अगदी आत सारल्या आणि दार दाबून लावलं.

संध्याकाळी आठ टोचले तेव्हा औषध नुसतं गार होतं, शनिवारी सकाळी दगड झालं होतं. तिनं ते मुठीत धरून वितळवलं, हलवलं, चौदावर भरलं आणि टोचलं. संध्याकाळी बोटाचं रक्त मशीनला लावलं तर तीनशे अठरा.

"काय खाल्लंस?"

"काय न्हाई आजी."

"शेजारच्या सृष्टीचा वाढदिवस हुता."

"व्हय, पण माझ्या वाटचा केक तिनंच खाल्ला. इचार तिला."

"तोंड उघड."

पोरीनं मुकाट्यानं तोंड उघडलं. केकचा कणही नव्हता. रतनबाईनं आठ टोचले आणि पोर झोपल्यावर तिची दप्तराची पिशवीसुद्धा झाडून पाहिली.

रविवारी सकाळी मशीननं चारशे साठ दाखवलं. देवळात उपासनेची घंटा झाली तेव्हा प्रार्थना मोरीत ओकत होती. ओठ कोरडे, श्वास असा खोल की धावून आल्यासारखी. रतनबाईनं तोंड पुसायला वाकून पाहिलं तर पोरीच्या तोंडाला पिकून गेलेल्या केळ्यांचा वास. हा वास कसला हे तिला ठाऊक नव्हतं, पण बरा नव्हता एवढं कळलं. तीस वर्षांत तिनं सुकलेली, फणफणलेली कितीतरी पोरं पाहिली होती. ती दुसऱ्यांची होती.

शेजारचा गोरक्षनाथ देवळात जायला कपडे करून निघाला होता, त्यालाच तिनं गाडी काढायला लावली. थर्मासात बर्फ घातला, त्यात दोन्ही बाटल्या घातल्या. वाटेभर पोरीचं डोकं मांडीवर घेऊन ती एकच म्हणत होती, "डोळे मिटू नको, माझ्याशी भांड."

"कशावरनं भांडू?" प्रार्थना पुटपुटली, आणि पुढं बोलली नाही.

दवाखान्यात पोरीला आत नेलं, दोन्ही हातांना सुया लावल्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"आजी, खरं सांगा. डोस चुकले का? त्यावर पुढचं ठरवायचंय. का लाइट गेली होती? गावोगाव तेच चाललंय."

रतनबाईला वाट दिसली. लाइट गेलीच होती, खोटं काहीच नव्हतं. 'व्हय' म्हटलं की दोष वीजवाल्यांचा, आणि वीजवाले कुठं ऐकायला बसलेत. पण आत पोर श्वासासाठी झगडत होती आणि बाईंना खरं हवं होतं. तिनं थर्मास पुढं केला.

"एक बी चुकला न्हाई. लाइट आली तसं मी बर्फात ठेवलं. पार गोठवलं."

बाईंनी बाटली उजेडात धरली. काचेला आतून पांढरे बारीक कण चिकटले होते.

"गोठलं की हे औषध मरतं आजी. याला गारवा हवा, बर्फ नको."

"पोलिओला चालतोय."

"पोलिओला चालतो," बाई हळूच म्हणाल्या आणि आत पळाल्या.

रतनबाई बाकावर बसली. तीस वर्षांत आपण पोलिओशिवाय आणखी कुठल्या कुठल्या बाटल्या बर्फात दाबल्या, हे ती आठवत राहिली. भीतीला एकदा दार उघडलं की ती कुठंही शिरते.

दुपारी शॅरन संगमनेरहून आली. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत रतनबाईनं सगळं सांगून टाकलं. शॅरन आत जाऊन लेकीचा पाय हातात धरून बसली. तासाभरानं बाहेर आली आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "बर्फात नको, एवढं मी लिहायला पाहिजे होतं." राग होताच, पण तो कुणावर टाकावा हे तिलाही ठरवता येत नव्हतं.

दोन दिवस दोघी एका बाकावर बसल्या, मध्ये पिशवी. तिसऱ्या दिवशी पोर उठून बसली आणि भूक लागली म्हणाली.

घरी आल्यावर रतनबाईनं सांगून टाकलं, आता मी सुईला हात लावणार नाही. शॅरनच्या शाळेची वेळ आणि डोसची वेळ एकच, तेव्हा पेच पडला. तो प्रार्थनानंच सोडवला. दवाखान्यात नर्सनं तिला स्वतः टोचून घ्यायला शिकवलं होतं.

पहिल्या सकाळी पोरीनं स्वतः औषध भरलं आणि सिरिंज आजीच्या डोळ्यांपुढं धरली.

"किती हाय बघ."

रतनबाईनं चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. "चौदा."

"टोचू?"

हो म्हणायला तिची जीभ रेटेना आणि नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं नुसती मान हलवली. पोरीनं पोटाची चिमूट धरली, तेव्हा रतनबाईनं डोळे मिटून घेतले.