भांडण मोकळं करणारी फट

लिफ्टच्या कामात मिस्त्रीचा हात धरणारा कोणी नव्हता. पण गेली तीन वर्षं त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. एक बिघाड काढून होत नाही तोच तो दुसरा मागून घ्यायचा. घरी जेवतानाही अर्ध्यावर उठून खिडकीशी जायचा. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची सात वर्षांची लेक छकुली चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली होती.

आधी तो चर्चच्या गायकांत पहिल्या रांगेत असायचा. आता मागे, दाराशी उभा राहायचा आणि प्रार्थना सुरू झाली की बाहेर पडायचा. दफनानंतर एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले होते, "देवाला फुलं आवडतात, म्हणून खुडतो." मिस्त्री म्हणाला, "मग त्याने स्वतःच्या बागेत लावावीत." तेव्हापासून त्याचं सांत्वन करायला कोणी फिरकलं नाही. बायको मात्र दर रविवारी बाकावर जाऊन बसायची, हात मांडीवर, डोळे मिटलेले. ते पाहून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हिचं बरं आहे, त्याला वाटायचं, हिला शांती मिळाली.

एका दुपारी सात मजली इमारतीतून बोलावणं आलं. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक म्हातारी बाई. मिस्त्रीने चौथ्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं. लिफ्टचा तळ त्याच्या हनुवटीशी आला होता. आतलं दार त्याने ओढून वीतभर सरकवलं. फटीतून दिसल्या त्या फक्त दोन तपकिरी चपला आणि काठीचं टोक.

"आजी, घाबरू नका. सुरक्षेचा ब्रेक लागलाय, म्हणजे लिफ्ट जागची हलणार नाही. वर मशीनपाशी माझा जोडीदार हवा, तो निघालाय. पाऊण तास धरा."

"मी कशाला घाबरू?" आतून आवाज आला. "चाळीस वर्षं नर्स होते. तूच हाशहुश करतोयस. बस की जरा."

बसणं शक्य नव्हतं, आणि जाणंही. दार उघडं, खाली लिफ्टची रिकामी विहीर. ते सोडून हलायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. मिस्त्री या पायावरून त्या पायावर भार टाकू लागला.

"तुझ्या गळ्यात क्रूस दिसतोय," आजी म्हणाल्या. "म्हण प्रार्थना. माझा वेळ जाईल."

"मला नाही जमत."

"येत नाही, की होत नाही?"

"भांडण आहे आमचं."

"मग भांड. माझ्यासमोर भांड. मी चहाडी नाही करणार."

तोंडावर बोलणं त्याला कधी जमलं नसतं. पण चपलांना चेहरा नसतो. तो बोलत सुटला. देवाला नको नको ते बोलला, आणि बोलता बोलता जे कोणाला सांगितलं नव्हतं तेही निघून गेलं. चौथ्या दिवशी इस्पितळात पोरीच्या खाटेशी त्याला बसवेना. एक लिफ्ट बंद आहे असा फोन आला, आणि दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं तरी तो स्वतःच गेला. परत आला तेव्हा खाट रिकामी होती.

"तिथून पळालो मी, आजी. देवाशी काय भांडू?"

काठीचं टोक फटीकडे सरकलं.

"वॉर्डातून पळालेले बाप मी खूप पाहिले," आजी म्हणाल्या. "जिन्यात रडत बसलेले, गेटाबाहेर फेऱ्या मारणारे. मी त्यांना आत ओढून आणायचे. तुला आणायला कोणी नव्हतं." मग म्हणाल्या, "बायकोला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?"

जोडीदार आला. मिस्त्रीने चौथ्याचं दार लावलं, जोडीदाराने वरून ब्रेक सोडवून लिफ्ट पाचव्या मजल्यावर घेतली. मिस्त्री जिन्याने धावत वर गेला तोवर आजी काठी टेकत आपल्या दाराशी पोहोचल्याही होत्या. मागे न बघता त्यांनी हात हलवला.

संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. तो दोनदा आत आला, दोनदा बाहेर गेला. तिसऱ्यांदा उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तुमच्या लिफ्टच्या दुकानातल्या भाऊंनी सांगितलं होतं, दुसऱ्याला पाठवता येत असून तुम्हीच गेलात म्हणून."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"रागच इतका होता. बोलले असते तर घर मोडलं असतं. तुम्हाला वाटतं मी चर्चमध्ये शांत बसते. अहो, उठायला माझे पायच उचलत नाहीत. देवाला म्हणते, या माणसाला क्षमा करायला शिकव. तीन वर्षं तेवढंच म्हणतेय."

"शिकवलं का?"

"आज तुम्ही तोंडाने बोललात. आता बघू."

त्या दिवशी दोघं पहिल्यांदा एकत्र रडली. जेवण राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. ती अजून कधी कधी दोन दोन दिवस बोलत नाही. त्याचा जीव अजून थाऱ्यावर नसतो. पण सकाळी दाढी करताना तो देवाशी बोलतो. त्यात स्तुती कमी, तक्रारच जास्त. परवा तो म्हणत होता, "तू तिला का नेलंस ते मला अजून पटलेलं नाही, आणि पटेल असंही वाटत नाही. पण आज हिचा राग थोडा कमी कर."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आमेन. आणि नळ बंद करा."