पटत नाय, एवढंच लिहा

कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसलं की माणूस आपला अख्खा जन्म सांगतो. कागदावर उतरतात चार ओळी, बाकीचं साठतं लिहिणाऱ्यापाशी! स्वातंत्र्याच्या आगेमागे मी मुरबाडला आणि शहापूरला अर्ज लिहायचो. नवरा-बायकोचे हे किस्से तेव्हाचे.

*

डोळखांबकडच्या एका शेतकऱ्याला बायको सोडायची होती. त्यांच्या जातीत पंचांपुढे गवताची काडी मोडली की लग्न मोडायचं. सोडचिठ्ठी लिहायला मी हजर.

पंचांनी बाईला विचारलं, "ह्यो भांडतो काय गो?"

"भांडतील कुठून? चार वरसांत एक शबुद बोलले नाय माज्यासंगं!"

काडी मोडली. बाई निघाली, तसा तो मागून म्हणाला, "म्हशीला पानी दावलंस काय?"

"ऐका," ती पंचांना म्हणाली, "आता बोलले!"

*

शहापूरच्या एका मास्तरांची बायको वकिलांकडे आली. मी तिथेच लिहीत होतो. त्यांच्या जातीत काडीमोड नव्हता.

"आमचं पटत नाही. मला सुटायचंय."

"बाई, न पटणं हे कायद्यात कारण नाही."

"मारतात, हे?"

"त्यानं वेगळं राहता येईल. लग्न नाही सुटत."

"मग सुटतं कशानं?"

वकिलांनी कायद्याचं पुस्तक मिटलं. "कळलं," म्हणून बाई उठल्या.

त्या पावसाळ्यात मास्तर सुतकात बसलेले दिसले. म्हणाले, "तापानं गेली." मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

*

दोन बायका करायला बंदी आली, तेव्हा एक जण घाबरून आला. आधीच्या दोघींतली एक सोडावी लागणार, असं त्याला वाटलेलं! दोघी मागे उभ्या होत्या. वकिलांनी विचारलं, "राहायचंय कोणाला?"

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं!

*

मग घटस्फोटाचा कायदा आला. मुरबाडजवळचं एक जोडपं एकाच बैलगाडीतून वकिलांकडे आलं. वकिलांनी कारणं वाचली. वेड, महारोग, सोडून जाणं...

"यातलं कायच नाय," नवरा म्हणाला. "पटत नाय, एवढंच लिहा."

"ते चालत नाही."

"मग मला येडा लिवा."

"सात वर्षांचं वेड लागतं."

"सातच वरसं झाली लग्नाला!"

बायको पुढे झाली. "त्यांना नको. मला येडी लिवा. त्यांना परत संसार करायचाय."

वकिलांनी चष्मा काढला. "अहो, तुमचं तर चांगलं पटतंय की!"

नवऱ्यानं मान खाली घातली. बाईनं पदर सरकवून मानेवरचे वळ दाखवले. मग त्याची बाही वर केली. दंडावर कोयत्याची ताजी जखम होती.

"हा मानूस वाईट नाय, साहेब," ती म्हणाली. "मी बी नाय. आमाला मारेकरी होयाच्या आधी सोडवा."