कारणाच्या रकान्यात

आम्ही बौद्ध. कृपा, चमत्कार हे शब्द आमच्या घरात चालत नाहीत, आणि फौजेतल्या अकरा वर्षांनी माझ्यातली उरलीसुरली श्रद्धाही संपवली होती. तरी चंद्रपूरला त्या दिवशी जे घडलं त्याला दुसरं काय म्हणावं, मला कळत नाही.

सीमेवर पहाऱ्यावर असताना मी एका माणसावर गोळी चालवली. धुकं निवळल्यावर पाहिलं तर तो मेला होता, आणि त्याच्या हातात नुसतं जनावराचं दावं होतं. चौकशीत माझी चूक निघाली नाही, उलट पाठ थोपटली गेली. सुट्टीवर चामोर्शीजवळच्या आमच्या गावी आलो, पौर्णिमेला विहारात वंदनेला बसलो, आणि जीवहिंसा न करण्याचं पहिलं शील म्हणताना जीभच उचलेना. बाहेर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. त्यावरच्या स्वतःच्या फोटोची मला किळस आली.

नोकरी सोडण्याचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं, माणूस मारणं मनाला पटत नाही. अर्ज परत आला. असं कारण चालत नाही म्हणे. सोबतच्यांनी भेकड म्हणून हिणवलं. एका भल्या साहेबांनी मात्र समजावलं, आईच्या आजारपणाचा दाखला जोड, सुटशील. म्हणजे पहिलं शील पाळायला मी चौथं मोडायचं, खोटं न बोलण्याचं! हसावं की रडावं कळेना. पण मी इतका थकलो होतो की तयार झालो.

पुढच्या सुट्टीत आईला घेऊन चंद्रपूरच्या एका दवाखान्यात गेलो. माझी आई अजून दिवसभर धानाची रोवणी करते. तिला म्हटलं होतं, वाकून चाल, अधूनमधून खोक. बिचारी मन लावून खोकत होती. रांगेत आमच्या पुढे एक बाई होत्या, अहेरीहून पहिल्या गाडीने एकट्या आलेल्या. पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. आईचं खोकणं ऐकून त्या बाजूला सरकल्या.

“बाई, तुमी जा पयले. मी थांबते.”

आईचा खोकला तिथेच थांबला. ती ताठ उभी राहिली आणि अख्ख्या रांगेसमोर म्हणाली, “मले काई झालं नाई बाई. पोराची नोकरी सोडवाले खोटा कागद काढून राह्यलो आमी.”

लाजेने माझी मान वर होईना. त्या बाई मात्र रागावल्या नाहीत. “मंग बसा इथी माह्यापाशी. एकटीच आली मी,” एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या तपासण्या होईपर्यंत आम्ही थांबलो. जिना चढवेना, तेव्हा मी त्यांना उचलून वर नेलं. त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकला आणि डोळे मिटले. त्या गोळीनंतर पहिल्यांदाच कुणी माझ्या हातांवर इतकं निर्धास्त होतं. जिन्यातच मी रडलो.

दाखला काढलाच नाही. दुसऱ्या अर्जातही तेच कारण लिहिलं. तोही परत आला. त्या गोळीचं जे कडू होतं ते कडूच आहे. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं, रोज मनातून त्यांना वंदन करतो. सुटका होणं माझ्या हाती नाही, ती आशा मी सोडली. ही सुट्टीही संपली, उद्या परत हजर व्हायचं आहे. पुन्हा हुकूम झाला तर माझं बोट चापावर जाणार नाही. मग जी शिक्षा होईल ती होवो.