बसून राहणारी माणसं

डोंगरातल्या माणसांना ‘नाही’ म्हणता येत नाही, असं खालच्या गावात सगळे म्हणायचे. तो त्यांचा गैरसमज होता. डोंगरातल्यांइतकं ठाम ‘नाही’ म्हणणारं दुसरं कोणी पृथ्वीच्या पाठीवर नसेल. फक्त ते म्हणायला त्यांना तोंड लागत नाही. गोष्ट पटली नाही की ती माणसं बसून राहतात. सांगणारा सांगून थकतो, पाणी पितो, पुन्हा सांगतो; समोरचे बसलेलेच. चारचौघांत कुणाचा पाणउतारा कशाला करायचा, आपण उठत नाही यावरून त्यानं काय ते ओळखावं, असा त्यामागचा विचार. आता त्यानं नाहीच ओळखलं, तर बसणाऱ्यांनी काय करावं?

ते न ओळखल्यामुळेच त्यांचा डोंगर गेला होता. आणि तो गेल्याचा निरोप फौजेच्या वरच्या साहेबांना पाठवला होता त्यांच्याच वस्तीतल्या एकानं.

त्याला सगळे वायरलेस म्हणायचे. त्या आदिवासी वस्त्यांमधून फौजेत गेलेला तो पहिला. भरतीच्या वेळी त्याचे पाय बघून घेतलं, पण कान तिखट निघाले म्हणून वायरलेसच्या सेटवर बसवलं. तिथं त्याला एक सवय लागली, ती जन्मभर सुटली नाही. आलेला निरोप शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, मगच पुढं जायचं. सुट्टीवर घरी आला की अक्का म्हणायची, जरा विहिरीवरून पाणी आण. हा ताठ उभा राहून म्हणायचा, विहिरीवरून पाणी आणायचं. अक्का, म्हणजे त्याची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे तिच्यापुढं फौजेचा रुबाब चालायचा नाही. ती म्हणायची, अरे, घागर उचल आधी, पाढे मग म्हण. टोपणनाव तिनंच ठेवलेलं.

फौजेला तोफांच्या सरावासाठी डोंगर हवा होता. शाळेत सभा भरवली. वायरलेस त्या दिवशी ड्युटीवर होता, पण सभेत नव्हता. बाहेर गाडीत सेटजवळ बसला होता. आत साहेबांनी सगळं वाचून दाखवलं, कुणाची हरकत आहे का, असं दोन-चारदा विचारलं आणि बाहेर येऊन निरोप सांगितला: कुणाचीही हरकत नाही. वायरलेसनं कानावरचे हेडफोन काढले. त्यानं विचारलं, “साहेब, लोक उठले का?” साहेब खूश होते. म्हणाले, “अजून बसलेत. फार शिस्तीची माणसं आहेत तुमची.”

वायरलेसनं निरोप पाठवला. शब्दन् शब्द. हुकूम म्हणजे हुकूम, आणि कोवळ्या वयात वर्दी अंगाला फार घट्ट बसते. त्याला सगळं कळत होतं, आणि तरी बोट बटणावर गेलं. यावर मी त्याची बाजू घेणार नाही. त्यानं स्वतःही कधी घेतली नाही.

त्यानंतर तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा अक्का चुलीपाशी बसली होती. एरवी तो अंगणात दिसला की ती उठायची, हातातली पिशवी घ्यायची आणि किती वाळलास म्हणून फौजेच्या नावानं बोटं मोडायची. त्या दिवशी ती उठली नाही. जेवायला वाढलं, गप्पा केल्या, शेजारणीची टिंगलही केली; सगळं बसल्या जागेवरून. भांडण नाही, अबोला नाही. फक्त त्या दिवसापासून तो आला म्हणून अक्का उठली, असं कधी झालं नाही. तो काय समजायचं ते समजला.

त्यानं नोकरीची मुदत संपताच फौज सोडली आणि कॉलेजात नाव घातलं. वर्गातली पोरं त्याला काका म्हणायची आणि परीक्षेच्या तोंडावर त्याच्याच वह्या मागायची. पुढं विद्यापीठात गेला आणि तिथंच शिकवायला लागला. डोंगरातल्या माणसांच्या नकारावर त्यानं भलामोठा प्रबंध लिहिला: ती कशी बसतात, कुठं बसतात, म्हातारी आधी बसतात की तरणी, सगळं. विद्वानांनी वाहवा केली. त्यानं एक प्रत मोठ्या आशेनं अक्काला नेऊन दिली. अक्कानं ती दोन्ही हातांनी तोलली, चांगली जड आहे म्हणाली आणि पिठाच्या डब्यावर ठेवली. त्या दिवसापासून डब्याचं झाकण उंदरांना उघडता आलं नाही. प्रबंधाचा एवढा रोकडा उपयोग विद्यापीठातही कुणी केला नसेल.

प्रबंधानं डोंगर परत येत नाही हे त्यालाही कळत होतं. म्हणून केस पिकायला लागल्यावर तो निवडणुकीला उभा राहिला. पहिल्या खेपेला सपशेल पडला, कारण तो भाषणात लोकांचे प्रश्न त्यांना शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा आणि पुढं आश्वासन काहीच द्यायचा नाही. दुसऱ्या खेपेला लोकांना त्यातच गंमत वाटायला लागली. निदान हा ऐकतो तरी, म्हणून निवडून दिला. सभागृहात त्याचा एकच विषय. तो बोलायला उभा राहिला की बाकीचे सभासद चहाला उठायचे. तरी गडी हटला नाही.

शेवटी डोंगर सुटायची वेळ आली, ती न्याय जागा झाला म्हणून नाही. तोफाच एवढ्या लांबचा मारा करायला लागल्या, की डोंगर त्यांना तोकडा पडू लागला. फौज दुसरीकडे गेली. नवा कायदा आला: डोंगर वस्त्यांना परत मिळेल, पण सगळ्यांची संमती हवी, आणि नवी झाडं मूळ धरेपर्यंत उत्तरेच्या उतारावर शेळ्या चरायला न्यायच्या नाहीत. या कायद्यात वायरलेसनं हट्टानं एक कलम घालून घेतलं. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. संमती लोकांनी आपल्या बोलीत, तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी द्यायला हवी. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्या कलमाचा त्याला मोठा अभिमान होता.

संमती नोंदवायला सरकारी समिती यायचा दिवस ठरला. अधिवेशन संपत आलं होतं. त्या सभेत संमती मिळाली नाही तर प्रकरण बारगळणार आणि पुन्हा उभं राहील तेव्हा वायरलेस असेल की नसेल. आणि लोक काय करतील याचा त्याला अंदाज येईना. शेळ्यांच्या अटीवरून कुरकुर होती. सगळ्यात जास्त शेळ्या अक्काच्याच, म्हणजे घरचाच अहेर मिळायची भीती. आदल्या दिवशी तो तिच्याकडे गेला. तिनं बसूनच चहा केला, बसूनच दिला. उद्याचं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण धीर झाला नाही.

सभा त्याच शाळेत भरली. पत्र्यावर ऊन तापत होतं. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई आल्या होत्या; चष्मा कपाळावर, आवाज शांत, आणि प्रत्येक वाक्यानंतर लोकांकडे बघायची सवय. शेजारी त्यांचा कारकून. वायरलेस टेबलामागं, समितीच्या रांगेत बसला होता. खिडकीतून शाळेसमोरची ती जागा दिसत होती, जिथं तेव्हा गाडी उभी होती. तिकडं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं आणि तो सारखा तिकडंच बघत होता.

बाईंनी सगळं वाचून दाखवलं. वायरलेसनं ते आपल्या बोलीत सांगितलं. उत्तरेचा उतार, शेळ्या, झाडं, काहीही लपवलं नाही. मग बाईंनी विचारलं, “तुम्हाला हे मान्य आहे का?”

कुणी बोललं नाही. कुणी हललं नाही. वायरलेसनं पुन्हा विचारलं. त्याच्या स्वतःच्या प्रबंधाप्रमाणे आता पुढं काय होणार हे त्याला पाठ होतं: माणसं बसून राहणार, उन्हं उतरेपर्यंत. मधल्या बाकावर अक्का बसली होती, हात मांडीवर, नजर भिंतीवरच्या पुसट झालेल्या बाराखडीवर.

मग अक्का उठली. पदर खोचला, बाकाखालून काहीतरी घेतलं आणि कुणाकडेही न बघता दाराबाहेर गेली. तिच्यामागं शेजारीण उठली. मग म्हातारे, मग मागचे तरणे. बघता बघता बाकं रिकामी झाली.

कारकून हळूच म्हणाला, की बहिष्कार टाकला वाटतं. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. अख्खं गाव आपल्या तोंडावर उठून गेलं, पहिली अक्काच गेली, एवढंच वायरलेसच्या डोक्यात होतं. बाई त्याला म्हणाल्या, “मला वाईट वाटतं. पण लोकांनी त्यांचं मत दाखवलं.”

“हो,” तो म्हणाला. सवयीनं त्यानं ते परत म्हणून दाखवलं: “लोक उठून गेले.”

आणि ते शब्द आपल्याच तोंडून ऐकल्यावर तो थांबला. लोक उठले. गाडीत बसून त्यानं साहेबांना जे विचारलं होतं, ते आज झालं होतं. अरे, ही माणसं पटलं नाही तर बसतात. मग पटल्यावर काय करतात? पटल्यावर उठतात आणि कामाला लागतात. हो म्हणायला थांबत नाहीत. लहानपणी घरात रोज बघितलेली गोष्ट. पण गावसभेत त्यानं ती कधी बघितली नव्हती, कारण ‘हो’ म्हणण्यासारखं काही घेऊन त्या शाळेत आजवर कुणी आलंच नव्हतं. नकारावर त्यानं प्रबंध लिहिला आणि होकार साफ विसरला. एवढा शिकलेला गाढव, असं तो स्वतःलाच मोठ्यानं म्हणाला आणि बाईंना खिडकीपाशी घेऊन गेला.

खाली उतारावर माणसं कामाला लागली होती. फौजेनं ठोकलेले लोखंडी खांब काही जण उपटत होते, बायका शेळ्यांच्या वाटेवर काटेरी फांद्या ओढून आणत होत्या. उत्तरेच्या उतारावर कुंपण घालायला सुरुवात झाली होती. अक्काच्या हातात पहार होती. म्हणजे अक्कासाहेब सभेला पहार घेऊनच आल्या होत्या. तिचं मत घरून निघतानाच ठरलं होतं. आदल्या दिवशी एका शब्दानं सांगितलं असतं तर याची झोप गेली नसती.

बाईंनी सगळं समजून घेतलं. मग म्हणाल्या, “माझी खात्री पटली. पण कायद्यात लिहिलंय, तोंडानं म्हणायला हवं. ते कलम तुमचंच आहे.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. वायरलेस खांद्यावर पिशवी अडकवून धावत उतारावर गेला. त्या वयात त्याला धावताना कुणी बघितलं नव्हतं. बाई आणि कारकून मागोमाग. तो अक्काला म्हणाला, की एकदा तोंडानं हो म्हण. अक्कानं पहार थांबवली.

“उठले ना मी? आता काय नाचून दाखवू?”

कायद्याला ऐकू यायला हवं, असं त्यानं समजावलं. अक्का म्हणाली, की कायद्याला डोळे नाहीत का? बाकीचे हसले. वायरलेसनं हात टेकले. हिच्या तोंडून ‘हो’ काढण्यापेक्षा खांब उपटणं सोपं. मग त्याला सुचलं. त्यानं जुना, सेटवरचा आवाज काढला, सगळ्या उतारावर ऐकू जाईल असा, आणि विचारलं, “हे काय करताय तुम्ही सगळे?”

अक्कानं त्याच्याकडे अशी नजर टाकली, जणू हा आता पुरता कामातून गेला. आणि ओरडून सांगितलं, “आमच्या डोंगराला कुंपण घालतोय!”

वरून, खालून, जिथं जिथं माणूस वाकलेला होता तिथून तेच उत्तर आलं, कुणी चिडून, कुणी हसत. वायरलेसनं बाईंना ते शब्दन् शब्द सांगितलं. बाई कारकुनाला म्हणाल्या, “लिहा. संमती, तोंडानं दिली.” आणि चष्मा पुन्हा कपाळावर गेला.

वायरलेसचा जीव भांड्यात पडला. तो जवळच्या दगडावर मटकन बसला. रडतोय की हसतोय हे त्याचं त्यालाच कळेना. फार बरं वाटत होतं. गाडीतल्या त्या संध्याकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं.

अक्का खांब उपटून झाल्यावर वळली. याला बसलेला बघून ती जवळ आली, पहार दगडाला टेकवली आणि वाकून त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

“किती वाळलास,” ती म्हणाली. “आणि बसलायस काय? तुला पटलेलं नाही का?”

तो उठला आणि त्यानं पहार उचलली.