चंदेरी नखांचे काका

येरमाळ्याला एसटीत ते शेजारी येऊन बसले. धोतर पांढरंशुभ्र, नखं मात्र चंदेरी.

"तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात रंगाचा मसाला बनवतो," ते म्हणाले. "तुमी?"

"ताऱ्यांचा उजेड तपासतो, काका. डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड. त्यावरून ताऱ्यात कोणता धातू किती आहे, ते कळतं."

वाटलं, आता थक्क होतील. त्यांनी नुसती मान डोलावली. "व्हय. आमी बी चिमूटभर पेटवून बघतो. हिरवं जळलं की बेरियम. फिकं जळलं की कमी पडलं."

माझी सगळी पीएचडी त्या चिमटीत मावली.

तेरखेडा आलं. उतरताना ते ताठ मानेनं वळले.

"तुमी वर काय हाय ते वळखता. वर काय जायाचं, ते आमी ठरवतो."