बारा जणींची यादी आणि माझी शाल

मुलीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सकाळी एकाच संदेशात दोन गोष्टी आल्या. वर लिहिलं होतं की लातूरच्या स्पर्धेसाठी मुलींचा खो-खो संघ निवडायचा आहे आणि निवड सर्वांसाठी खुली आहे. खाली, त्याच जाड अक्षरात, क्रीडाशिक्षक सरांच्या खासगी अकादमीत संध्याकाळच्या बॅचचे प्रवेश सुरू असून मोजक्याच जागा शिल्लक असल्याचं कळवलं होतं. मधे एक गुलाबाचं फूल होतं. ते फूल वरच्या मजकुराचं की खालच्या मजकुराचं, हे समजायला मला आठवडा लागला.

आम्ही नांदेडला राहतो. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, नवरा पाटबंधारे खात्यात आहे आणि मुलगी तेव्हा नववीत होती. लहानपणी मीही मुखेडकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत खो-खो खेळले. गणिताचे गुरुजीच शिट्टी वाजवायचे. त्या दिवसांबद्दल बोलताना लोक हळवे होतात, मी होत नाही. आमच्या संघात गावातल्या सगळ्यात चपळ मुली नव्हत्या, ज्यांचे वडील ‘जाऊ दे’ म्हणाले त्या होत्या. निवड तेव्हाही मैदानाबाहेरच व्हायची. फी तेवढी नव्हती.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. कष्टाळू होते, मुलींशी नीट बोलायचे, आणि एकाच दिवसात त्यांच्या बऱ्याच भूमिका असायच्या. सकाळी ते शाळेचे पगारी शिक्षक. संध्याकाळी अकादमीचे मालक. लातूरच्या स्पर्धेतून पुढच्या शिबिरासाठी मुली निवडणाऱ्या समितीत ते सदस्य. संघाचे बूट ज्या दुकानातून घ्यायचे ते त्यांच्या मेव्हण्याचं. एवढ्या सगळ्या ठिकाणी एकच माणूस असल्यामुळे कुठेच मतभेद होत नसत.

पालकांना यात काही वावगं वाटत नव्हतं. शाळेच्या फाटकापाशी एका आईने मला समजावलं, “मॅडम, पोरगी स्टेटला गेली की धाव्वीला जास्तीचे मार्क भेटतेत. ट्यूशनपेक्षा स्वस्तच पडतंय बघा.” शिक्षकाने वर्गात अर्धं शिकवायचं आणि उरलेलं संध्याकाळी विकायचं, याची आमच्याकडे इतकी सवय झाली आहे की कुणी वर्गातच सगळं शिकवलं तर त्याची चौकशी होईल. मैदान तेवढं त्यातून सुटलं होतं.

फी भरायची नाही असं मी ठरवलं. नवरा म्हणाला, “भर की. इतकी भरतो, त्यात ही एक. काय बिघडतंय?” मी म्हटलं, शाळा खेळाचे पैसे वेगळे घेतेच, सरांना पगारही मिळतो, एकाच शिट्टीचे तीनदा पैसे मी देणार नाही. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, “तत्त्व तुझं, पळायचं पोरीनं.” हे वाक्य त्या वेळी मी कानाआड केलं.

मुलीची जोडीदारीण एक भोकरकडची मुलगी होती. घरची शेती, शिक्षणासाठी नांदेडला मामाकडे राहायची. मामीची पिठाची गिरणी होती. संध्याकाळी तिथे गर्दी असे आणि ही मदतीला लागे, त्यामुळे अकादमीचा प्रश्नच नव्हता. सकाळी सरावाला यायची तेव्हा कधीकधी तिच्या कानामागे पीठ असायचं. पण ती पळायला लागली की बाकीच्या मुली उगाच मैदानावर आल्यासारख्या वाटायच्या. माझ्या मुलीला तिच्याइतकं पळता येत नव्हतं. खांबाजवळ झेपावून सूर मात्र ती चांगला मारायची, आणि लातूरला जायचंच हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. कपाटाच्या दाराला आतून तिने स्पर्धेची तारीख चिकटवली होती.

दोन आठवडे झाले तरी सकाळच्या सरावात या दोघी बाहेरच उभ्या असायच्या. मी सरांना भेटायला गेले.

“सर, माझ्या मुलीला तुम्ही खेळवतच नाही.”

“हाव मॅडम, तिचा स्टॅमिना बघायलो.”

“उभं करून?”

“तसं न्हाई. संध्याकाळच्या पोरींची एकमेकींशी सवय झालेली असती. मधीच नवी पोरगी घातली की सगळं बिघडतंय.”

“मग ती सवय सकाळी लावा. पगार तर सकाळचाच आहे.”

माझं वाक्य मला फार आवडलं. सरांनाही आवडलं असावं, कारण ते मनापासून हसले. “सक्ती कुणावरच न्हाई मॅडम. पण तुम्ही बोलता लई छान. तुम्ही आमच्या कार्यक्रमात बोलायला पाहिजे.”

मी जिंकून आल्यासारखी घरी आले. चौथ्या दिवशी सर निमंत्रणपत्रिका घेऊन दारात उभे. अकादमीत नवी मॅट आली होती, तिचं उद्घाटन होतं आणि प्रमुख पाहुणी मी होते. पत्रिकेवर माझ्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध साहित्यिक’ छापलं होतं. माझं ललित लेखांचं एक पुस्तक आहे, त्याच्या बऱ्याच प्रती अजून आमच्या पलंगाखाली सुखरूप आहेत.

मी आयुष्यभर सत्कारांची टिंगल केली आहे. शाल कशी पांघरतात, फोटोग्राफर ‘पुन्हा एकदा’ म्हणाला की ती काढून पुन्हा कशी पांघरतात, सगळं मला पाठ आहे. तरी मी गेले. स्वतःला सांगितलं की स्टेजवरून खडे बोल सुनवायचे. आणि खरंच सुनवले. शाळेच्या मुलींना शाळेच्याच शिक्षकाने शाळेबाहेर शिकवावं लागतं, ही प्रगती थक्क करणारी आहे, असं म्हणाले. मैदान फुकट होतं तेव्हा मुली पडायच्या, आता मॅटवर पालक पडतात, असंही म्हणाले. लोक हसले, टाळ्या वाजल्या, सर सगळ्यात जोरात वाजवत होते. आमच्याकडे माईकवरून पाहुण्याने केलेली टीका हा कार्यक्रमाचाच भाग धरतात, त्यानंतर अल्पोपहार असतो. मी शाल, नारळ आणि कचोरी घेऊन घरी आले.

आठवड्याभरात शाळेच्या चौकात मोठा फ्लेक्स लागला. त्यावर मी शाल पांघरून सरांना हात जोडते आहे आणि खाली लिहिलंय, ‘इथे निवड फक्त गुणवत्तेवर’. त्याच दिवशी बारा जणींची यादी लागली. त्यात माझी मुलगी होती. भोकरची मुलगी नव्हती.

मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. मी लगेच ठरवलं की माझ्या बोलण्याचा परिणाम झाला, सरांना लाज वाटली. शिरा करायला घेतला. मुलगी शाळेतून आली, दप्तर न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“मम्मे, तू माझी फी भरलीस का?”

“नाही गं.”

“खरं सांग.”

“नाही भरली. आपल्याला भरायची गरजच पडली नाही.”

“मग मी एकदा पण खेळले न्हाई आणि यादीत कशी आले? ती रोज माझ्यापेक्षा जास्त पळती, ती कशी न्हाई?” खुर्चीच्या पाठीवर शाल तशीच पडलेली होती. तिने ती बोटाने उचलली. “ही कशाची हाय मग?”

मी गॅस बंद केला. तिला सांगायला माझ्याकडे बरीच वाक्यं होती. नवरा आत पेपर वाचत होता, तो म्हणाला, “भरली म्हण की सरळ.”

सरांनी माझ्याकडे पैसे मागितलेच नव्हते. त्यांनी माणूस ओळखला होता. बाकीच्यांकडून फी घेतली, माझ्याकडून फोटो घेतला. उलट माझा सौदा जास्त फायद्याचा, कारण फी एकाच मुलीची येते आणि फोटो बघून दहा येतात. या सौद्यात भोकरच्या मुलीची जागा गेली होती आणि ती माझ्या मुलीला मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी सरावाला गेली नाही. म्हणाली, भोकरच्या मुलीसमोर खो घ्यायला पाटीवर बसायला कसं तरी होतंय. तेव्हा मी पुस्तकं बाजूला ठेवून आमच्या भागातलं एक जुनं तंत्र वापरायचं ठरवलं. इथे कुणाकडून काही करवून घ्यायचं असेल तर तक्रार करून चालत नाही. तक्रारीचा अर्ज कुठे जातो ते नवऱ्याच्या खात्यात मी रोज ऐकते. इथे माणसाचं आधी जाहीर अभिनंदन करायचं असतं.

शाळेच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘निवड फक्त गुणवत्तेवर हा शब्द खरा करत आदरणीय सर लातूरच्या संघाची खुली चाचणी रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर सर्व पालकांसमोर घेणार आहेत, त्याबद्दल त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन.’ सोबत फ्लेक्सचा फोटो टाकला. शेवटी गुलाबाचं फूल ठेवलं.

दहा मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मुख्याध्यापिकांनी ‘स्तुत्य उपक्रम’ असं लिहिलं आणि दुसऱ्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या क्रीडाशिक्षिकेला बोलावण्याचीही घोषणा करून टाकली. मग सरांचा फोन आला.

“मॅडम, हे काय करायलाव तुम्ही? यादी लागलेली हाय.”

“सर, फ्लेक्सवर फोटो माझा आहे. लोक मला विचारतात गुणवत्ता म्हणजे काय. मी एकटी किती जणांना सांगू? रविवारी येऊन बघा म्हटलं.”

“तुमची पोरगी हाय ना यादीत?”

“आहे. म्हणून तर.”

“विचार करा मॅडम.”

“केला, सर.”

खरं सांगायचं तर पूर्ण केला नव्हता. चाचणी झाली की भोकरची मुलगी आत येईल आणि माझीही राहील, असं मी गृहीत धरलं होतं. कुणीतरी तिसरी बाहेर जाईल, जिचा चेहरा मला माहीत नाही. न्यायाची मागणी करताना माणूस ही सोय हळूच करून ठेवतो.

रविवारी मैदानाच्या कडेला पालक खुर्च्या टाकून बसले. निवृत्त बाई कडक होत्या, घड्याळ लावून प्रत्येकीला पळवत होत्या आणि कुणाच्याही आईकडे बघत नव्हत्या. भोकरची मुलगी मैदानात उतरली आणि तीन जणींना खांबाभोवती फिरवत राहिली, शेवटी बाईंनीच शिट्टी वाजवून थांबवलं. अकादमीच्या बहुतेक मुलीही चांगल्या निघाल्या. संध्याकाळी त्यांना खरंच काहीतरी शिकवलं जात होतं, हेही मला त्या दिवशी मान्य करावं लागलं. शेवटच्या जागेसाठी अकादमीतली एक मुलगी आणि माझी मुलगी उरल्या. माझ्या मुलीने दोन सुंदर सूर मारले. पळताना मात्र तिला लवकर धाप लागली. महिनाभर बाहेर उभं राहून दम वाढत नाही. ती लवकर बाद झाली. बाईंनी दुसरीचं नाव लिहिलं.

सर माझ्या शेजारीच उभे होते. या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

घरी नवरा म्हणाला, “लई भारी. सोताच्या हातानं पोरीला बाहेर काढलीस.” कपाटाच्या दारावरची तारीख मुलीने काढली असेल म्हणून मी दुपारी जाऊन बघितलं. ती तशीच होती. जेवताना तिने विचारलं, “आपण बघायला जायचं का लातूरला?”

आम्ही दोघी एसटीने गेलो. लातूरच्या मैदानाच्या पायऱ्या तापलेल्या होत्या. मी पिशवीतून शाल काढली, चार घड्या घातल्या आणि आम्ही तिच्यावर बसलो. सत्कारात ती इतकी उपयोगी पडली नव्हती. खाली उद्घाटनाची भाषणं इतकी लांबली की संघ उन्हात उभे राहून अर्धे बाद झाले.

आमचा पहिला सामना शिरूर अनंतपाळकडच्या एका शाळेशी होता. मध्यंतरात भोकरची मुलगी धावत कठड्यापाशी आली. माझ्या मुलीला म्हणाली, “ती लांब वेणीवाली मला धरायलीय. काय करू?”

“ती खांबाच्या आधी एक पाऊल थांबती. सारखं बघायले मी. ती थांबली की तू उलटी फिर.”

ती उलटी फिरली. वेणीवाली प्रत्येक वेळी खांबापलीकडे जाऊन रिकामा हात घेऊन परत आली. तो सामना आम्ही जिंकलो, पुढचा हरलो.

सर बाटलीतलं पाणी पीत आमच्याजवळ आले. “मॅडम, पोरीची नजर चांगली हाय. संध्याकाळी पाठवा तिला.”

“फीचं काय, सर?”

“तुमच्याकडून कशाची फी? पुढच्या महिन्यात आपला बक्षीस समारंभ हाय, तुम्ही फक्त...”

माझ्या तोंडात एक चांगलं वाक्य तयार होतं. मुलगी आधी बोलली.

“सर, सकाळी शाळेच्या मैदानावर घ्या ना. साडेसहाला. मग तिला पण येता येईल. मी रोज येईन.”

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बुडाखालच्या शालीकडे. ती त्यांनी ओळखली असावी. “बघू,” म्हणाले.

सोमवारी साडेसहाला सर मैदानावर नव्हते. माझी मुलगी होती, भोकरची होती आणि अकादमीतल्या दोघी होत्या. मंगळवारी सात जणी झाल्या, ते मी आवर्जून ग्रुपवर कळवलं, सरांच्या अभिनंदनासह. बुधवारी मी मुलीला सोडायला गेले तेव्हा सर चपला घालून फाटकातून आत येत होते. मला बघून म्हणाले की शिट्टी घरी राहिली. भोकरच्या मुलीने दोन बोटं तोंडात घातली आणि सराव सुरू झाला.