अध्यक्षांच्या हाती भोपळा

पहिली चूक माझ्या पत्रकाची, हे आधीच लिहून टाकते. येरवड्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत मी आणि जिना झाडणाऱ्या मावशींनी एक वाफा केला होता. भिंतीपलीकडे मावशींची वस्ती. त्यांच्या पत्र्यावर भोपळ्याचा वेल, आणि फळ धरायचं तर मधमाश्या हव्यात. म्हणून तीळ, झेंडू, फुलावर सोडलेली कोथिंबीर, आपोआप उगवलेली एकदांडी. मी उत्साहाने घरोघरी पत्रक सरकवलं: 'चला, मधमाश्यांना घरी बोलावू या.'

लोकांनी 'मधमाश्या' आणि 'घरी' एवढंच वाचलं. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी यंत्र लावून वाफा भुईसपाट केला आणि पाटी ठोकली: 'येथे तण वाढवू नये. आपण सुशिक्षित आहात.'

मावशींच्या वेलावरची बोटभर फळं पिवळी पडून गळायला लागली. हाताने फुलाला फूल लावता येतं, पण भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि त्या वेळी मावशी आमचा जिना झाडत असतात. घरची भाजी गेली ती गेलीच.

मग अध्यक्षांच्या गच्चीतला भोपळाही धरेना. आले माझ्याकडे. आपण यातलं शिकला आहात म्हणे. मी सांगितलं, फुलाला फूल लावा. कुठलं कुठल्याला, ते सांगितलं नाही. आठ दिवस ते पहाटे उठून कधी नराला नर, कधी मादीला मादी घासत होते. मी समोरच्या गच्चीतून चहा पीत बघत होते. इतका निर्मळ आनंद मला एकाही मोर्चात मिळालेला नाही.

मावशींना सांगितलं तेव्हा वाटलं, हसतील. त्या झाडू आपटून म्हणाल्या, "साहेबांवर राग धर की. भोपळ्यानं काय घोडं मारलंय?"

म्हणून मी अध्यक्षांच्या गच्चीवर गेले. फुलामागे चिमुकला भोपळा दिसतो ती मादी, एवढंच सांगायचं होतं. पण फुकट नाही. आधी नवी पाटी, त्यांच्या अक्षरात, सहीसकट. आणि वाफा परत पेरायला त्यांनी स्वतः यायचं, मावशी सांगतील तसं.

"अहो, हे ब्लॅकमेल आहे," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

आले. मावशींनी त्यांना दोनदा तीळ उकरून पुन्हा पेरायला लावले. खोल पडले होते म्हणे. मला नाही वाटत.

दीड महिन्याने तीळ फुलला, माश्या आल्या. मावशींच्या पत्र्यावर दोन भोपळे धरले आहेत. अध्यक्षांनी मात्र त्या आठ दिवसांत घासायला म्हणून मादी फुलंही खुडली होती, आणि आता वेल वाळला. हाती भोपळा आला, म्हणजे आला नाही.

पाटी आहे: 'हे तण नाही. कापू नये.' खाली सही. ते सकाळी फिरायला निघाले की मी ती मोठ्याने वाचते. रोज.